कांडप बंद असतानाचा आकडा

अर्जावरचा आकडा माझा होता. बहात्तर डेसिबल. त्याखाली बेचाळीस सह्या होत्या आणि त्यांतली पहिली माझी होती. हे आधीच सांगून टाकलेले बरे. पुढे जे घडले त्यात मी कोण होतो, याविषयी मग कोणाचा गैरसमज होणार नाही.

चौतीस वर्षे मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवले. त्यांतली बरीच वर्षे लॉगॅरिदमच्या कोष्टकांची होती. पुढे विद्यार्थ्यांच्या खिशात कॅल्क्युलेटर आले, मग फोन आले, आणि कोष्टक हे परीक्षेपुरते बाळगायचे पुस्तक झाले. माझ्याजवळची प्रत अजून आहे. तिच्या कडा बोटांच्या मळाने काळ्या पडल्या आहेत. घर आवरताना पत्नीने ती दोनदा रद्दीत टाकली आणि मी दोनदा बाहेर काढली. 

आमची गल्ली पेठेतली. घरासमोर, जरा डाव्या हाताला, मिरचीचे कांडप आहे. दोन यंत्रे आहेत. प्रत्येकात लोखंडी मुसळे आळीपाळीने वर उचलली जातात आणि उखळात पडतात. हे कांडप ज्यांनी घातले ते गृहस्थ वारले, तेव्हापासून त्यांची पत्नी ते चालवते. बाई मूळच्या पेठ वडगावच्या. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणते. वयाने लहान असलेलेही आणि मोठे असलेलेही. मार्च ते मे हा त्यांचा हंगाम. घरोघरची वर्षाची चटणी, म्हणजे कालवणात घालायचे तिखट, याच दिवसांत होते. उरलेल्या वर्षात हळद, मसाला, किरकोळ काम.

कांडपावरची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढे ती माझ्या अंगाशी आली. बायका घरी मिरच्या वाळवतात, धने, तीळ, खोबरे भाजतात, डबे भरतात, आणि आपली चटणी होईपर्यंत उखळापाशी बसून राहतात. पदर नाकाला लावून बसतात, पण उठत नाहीत. प्रत्येक घराचे प्रमाण निराळे असते आणि ते कोणी कोणाला सांगत नाही. एकीची चटणी निघाली की वहिनी उखळ झाडतात. मग मूठभर मीठ टाकून कुटतात, ते लाल झालेले मीठ बाहेर काढतात, पुन्हा झाडतात, आणि पुढच्या बाईला म्हणतात, "बघून घ्या." ती बाई वाकून उखळात पाहते. तिने मान हलवल्याशिवाय तिची मिरची आत पडत नाही.

गेल्या दिवाळीनंतर मुख्य रस्त्यावर ड्रेनेजसाठी खणायला सुरुवात झाली. रिक्षा, टेम्पो, दुचाक्या आमच्या गल्लीतून वाट काढू लागल्या. आधी थोड्या, मग पुष्कळ. हा बदल इतक्या सावकाश झाला की कोणाच्या लक्षात आला नाही. मार्चमध्ये कांडप सुरू झाले, आणि ते मात्र सर्वांच्या लक्षात आले.

कोपऱ्यावरच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी माझ्याकडे आले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, बोलायला मोकळे.

"सर, गल्लीत आवाज लई वाढलाय."

"वाढला आहे."

"कांडपाचा."

मी मान डोलावली. ती डोलावण्यापूर्वी मी विचार केला नाही.

"पण हापिसात 'लई' लिहून चालत न्हाय," ते म्हणाले. "आकडा लागतो. आणि आकडा काढायला तुमच्याशिवाय गल्लीत हाय कोण?"

हे शेवटचे वाक्य त्यांनी मुद्दाम टाकले असावे. ते लागू पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी फोनवरचे मापक सुरू करून फोन सज्जात ठेवला. दहा मिनिटांची सरासरी बहात्तर आली. आकडा आला की मला स्वस्थ बसवत नाही. मी कोष्टक काढले आणि अर्जाला जोडायला एक पान टिपण तयार केले.

ज्यांना हे गणित ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज हा पाया धरायचा. आपला आवाज त्याच्या किती पट आहे ते पाहायचे. ही पट फार मोठी निघते. बहात्तर डेसिबल म्हणजे पायाच्या सुमारे एक कोटी अठ्ठावन्न लाख पट. असे आकडे रोज कोण बोलणार? म्हणून त्या पटीचा लॉगॅरिदम घ्यायचा, म्हणजे ढोबळ मानाने तिच्यात दहाने किती वेळा गुणले आहे ते मोजायचे, आणि आलेल्या उत्तराला दहाने गुणायचे. दहा पटीला दहा डेसिबल, शंभर पटीला वीस, हजार पटीला तीस. कोटी-लाखांची गर्दी अशी दोन अंकांत बसते.

राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा पंचावन्न डेसिबल आहे. बहात्तर वजा पंचावन्न, सतरा. सतराला दहाने भागून एक पूर्णांक सात दशांश; त्याचा अँटिलॉग, म्हणजे उलटा लॉग, पन्नास पूर्णांक बारा. मी लिहिले: "कांडपाच्या आवाजाची तीव्रता कायदेशीर मर्यादेच्या पन्नास पट आहे."

जेवताना पत्नीने ते पान वाचले. तिचा आवाज मुळात मोठा आहे, पण प्रश्न विचारताना ती तो खाली आणते.

"पन्नास पट म्हंजे कानाला पन्नास पट लागतो व्हय?"

"नाही. कानाला साधारण तिप्पट वाटतो. फार तर सव्वातीन पट."

"मग तिप्पट लिवायचं की."

"तीव्रता पन्नास पट आहे. शास्त्रीय विधान तेच."

"बरं," ती म्हणाली आणि भाकरी वाढली. मग म्हणाली, "आपली चटणी व्हायची हाय अजून."

माझे विधान गणित म्हणून खरे होते. सोयीचेही होते. ही दोन्ही कारणे एकाच वेळी हजर असली की माणूस पहिलेच पुढे करतो.

'पन्नास पट' हे दोन शब्द चार दिवसांत गल्लीभर झाले. आजवर ज्यांना कांडपाचा त्रास नव्हता त्यांनाही तो होऊ लागला. चौकात पानपट्टीपाशी एक गृहस्थ मला म्हणाले, "पन्नास पट म्हंजे सर, डोकं फुटायची येळ आली की." हे गृहस्थ दिवसभर शाहूपुरीतल्या दुकानात असतात. त्यांनीही सही केली. त्यांची पत्नी त्याच दिवशी चार किलो मिरची घेऊन वहिनींकडे बसली होती. बेचाळीस सह्या झाल्या. सगळ्या पुरुषांच्या.

वहिनींना महापालिकेच्या विभागीय कार्यालयातून नोटीस आली. पंधरा दिवसांनी सुनावणी, तिथे खुलासा करावा, अन्यथा यंत्रे बंद करण्यात येतील. नोटिशीला अर्जाची नक्कल जोडलेली होती, म्हणजे माझे पानही होते.

नोटिशीनंतर सहाव्या दिवशी वहिनी आमच्या दारात आल्या. कडीला हात लावला नाही. मनगटापर्यंत हात मिरचीचे होते. पायरीवरूनच त्यांनी हाक मारली.

"सर हायत काय?"

मी बाहेर आलो. त्या भांडायला आल्या असतील असे मला वाटले होते. तशा त्या आल्या नव्हत्या.

"एक बंद केलंय तीन दिसांपास्नं," त्या म्हणाल्या. "दोनातलं एक. बहात्तरचं छत्तीस झालं आसंल. पंचावन्नच्या आत आलं न्हवं? तेवढं तुमी मोजून लिवून द्या म्हंजे झालं."

माझ्या विद्यार्थ्यांनी ही चूक परीक्षेत शेकडो वेळा केली असेल. दोन स्रोतांचे डेसिबल बेरजेत धरायचे, निम्मा स्रोत गेला की आकडा निम्मा करायचा. मी लाल रेघ ओढून पुढचा पेपर घेत असे. पण पेपर तपासणाऱ्याच्या दारात कोणी हंगामातले अर्धे काम बंद करून येत नाही.

"छत्तीस होणार नाही, वहिनी."

"मग?"

"दोन्ही यंत्रे सारखी असतील तर एकोणसत्तर."

"दोनातलं एक बंद केलं, आणि तीनच कमी?"

"तीनच. निम्म्याचा लॉग तेवढाच भरतो."

वहिनी माझ्याकडे पाहत राहिल्या. मी समजावून सांगायला सुरुवात केली. पाया, पट, दहाचा घात. मागून पत्नी दारात आली.

"वैनी," ती म्हणाली, "कालवणात चमचाभर चटणी घातली की झणझणतं. त्यात आनी एक चमचा घातला म्हणून दुप्पट झणझणतं व्हय?"

"न्हाय," वहिनी म्हणाल्या. "आनी तिखट काढायचं तर एक चमचा काढून भागत न्हाय."

"तसंच हाय ते."

वर्गात मला याला पाऊण तास लागत असे.

 मग वहिनींनी जे सांगितले त्यात तक्रारीचा सूर नव्हता. हंगामाचे सहा-सात आठवडे उरले होते. एक यंत्र बंद केल्यावर नंबर दुसऱ्या दिवसावर जाऊ लागले होते, आणि काही बायका पलीकडच्या पेठेतल्या कांडपावर गेल्या होत्या. "दोन्ही बंद झाली तर सगळ्याच जात्यात. आनी चटणीचं गिऱ्हाईक एकदा गेलं की म्हागारी येत न्हाय, सर. एका उखळावर इस्वास बसला की बसला." मग त्यांनी विचारले, "आनी दुसरं पन बंद केलं, तर किती हुईल?"

 गणित अवघड नव्हते. मला लागणारा आकडा माझ्याजवळ नव्हता.

"मोजून सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, एकच यंत्र चालू असताना, मी पुन्हा मोजले. एकोणसत्तर यायला हवे होते. एकाहत्तर आले. पुन्हा मोजले. एकाहत्तर. तिसऱ्यांदाही तेच. दोन डेसिबलचा फरक कानाला किरकोळ वाटतो, कोष्टकात तो किरकोळ नसतो. बहात्तरावरून एकाहत्तरावर येणे म्हणजे तीव्रतेचा जेमतेम पाचवा भाग जाणे. निम्मा भाग जायला हवा होता. गल्लीत आणखी काहीतरी वाजत होते, आणि मी ते कांडपाच्या नावावर लिहून मोकळा झालो होतो.

प्रयोगशाळेत माझी पहिली सूचना ठरलेली असे. उपकरण हाती घेतले की आधी शून्य पाहा. काही मोजत नसताना काटा कुठे उभा आहे ते लिहा, मग मोजा. ज्याने ते लिहिले नसेल त्याचे बाकीचे सगळे बरोबर असले तरी मी दोन गुण कापत असे, आणि कोणी वाद घातला तर ऐकून घेत नसे. या कारणाने मी विद्यार्थ्यांत अप्रिय होतो. मला त्याचा अभिमान होता.

मी चपला घालून समोर गेलो. सहा बायका ओळीने बसल्या होत्या.

"वहिनी, दहा मिनिटे यंत्र बंद ठेवाल का?"

"आनी ते कशाला?"

"काहीच चालू नसताना गल्लीचा आवाज किती असतो ते मी पाहिले नव्हते. ते न पाहताच सगळे तुमच्या नावावर लिहिले."

वहिनींनी हातातला झारा खाली ठेवला.

"म्हंजे उखळ झाडलंच न्हवतं तुमी," त्या म्हणाल्या. "आदीच्या बाईची चटणी तशीच ठिवून माजी मिरची घातलासा, आनी अर्ज केलासा की वैनीची चटणी लई तिखट."

बायका पदराआड हसल्या. मी "होय" म्हणालो. त्याहून अचूक वर्णन मला आजही सुचलेले नाही.

वहिनींनी बटण बंद केले.

"अवो, माजी निम्मी कुटून झालीया," उखळापाशी बसलेली बाई म्हणाली. "मदीच कसं बंद?"

"बस की गं गप," दुसरी म्हणाली. "सरांचा पेपर हाय आज."

मी सज्जात परत आलो. कांडप थांबल्यावर गल्ली शांत होईल असे आपण धरून चालतो. रिक्षा गेल्या. सिमेंटचा एक टेम्पो हॉर्न वाजवत समोरच्या दुचाकीला मागे सारत राहिला. कोपऱ्यावर पत्रा कापणे चालू होते. दहा मिनिटांची सरासरी सत्तर आली.

गणित कोष्टकावर केले. एका कागदावर ते आजही आहे. दोन्ही यंत्रांसह गल्लीची तीव्रता एक पूर्णांक पाचशे पंच्याऐंशी सहस्रांश धरली, तर यंत्रांविना ती एक. बाकी शून्य पूर्णांक पाचशे पंच्याऐंशी. डेसिबल परस्परांतून वजा करता येत नाहीत; आधी त्यांची तीव्रता करायची, ती वजा करायची, आणि उरलेल्याचा पुन्हा लॉग घ्यायचा. तो घेतला. कांडपाचे एकट्याचे उत्तर आले सदुसष्ट पूर्णांक सात. गल्लीत जे ऐकू येत होते त्यात रस्त्याचा वाटा कांडपाहून मोठा होता. कांडप पूर्ण बंद केले तरी बहात्तराचे सत्तर होणार होते. दोन डेसिबल. रहदारीला दार नसते, म्हणून तिला कोणी नोटीस देत नाही.

फोनवर विसंबू नये म्हणून मी कॉलेजातून ध्वनिमापक मागवला. तिथे माझा जुना विद्यार्थी आता शिकवतो. त्याने तो स्वतः आणून दिला आणि विचारले, "सर, शून्य पाहिलंत ना?" त्याने ते सहज विचारले असावे. मापकाचे आकडेही एका डेसिबलच्या आतबाहेर तेच आले.

मी सेक्रेटरींकडे गेलो आणि आकडा चुकला असल्याचे सांगितले.

"बहात्तर न्हाय?"

"बहात्तर आहे. पण तो गल्लीचा आहे, कांडपाचा नाही."

"ते आता कोण बघतंय, सर? आकडा गेला, नोटीस निघाली. बेचाळीस सह्या हायत."

"बेचाळीस सह्यांनी आकडा बरोबर होत नाही."

ते हसले. "खरं सांगू? मला वाटतंय तुमची चटणी अडकलीय. घरनं दम मिळाला आसंल."

"चटणी झालेली नाही हे खरे आहे," मी म्हणालो. "मी सुनावणीला येऊन सांगणार आहे. तुम्हाला आधी कळावे म्हणून आलो."

"या की. पण मग लोकांत आमी तोंडघशी पडतोय, त्याचं काय?"

"पहिली सही माझी आहे. मी आधी पडतो."

त्यांनी चहा विचारला नाही. मीही थांबलो नाही.

सुनावणी विभागीय कार्यालयात, एका लांब टेबलाशी झाली. अधिकारी चाळिशीचे होते, सौम्य होते. एका बाजूला सेक्रेटरी, दुसऱ्या बाजूला वहिनी. वहिनींनी धुवट साडी नेसली होती आणि हात घासून आल्या होत्या, तरी नखांच्या कडा लाल होत्या. मी उभा राहून सांगितले की अर्जाला जोडलेले टिपण माझे आहे, मोजमापाची पद्धत सदोष आहे, आणि दोष माझा आहे. दुसरा कागद पुढे ठेवला. अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे कांडपाचा स्वतःचा आवाज सदुसष्ट-अडुसष्ट."

"होय."

"मर्यादा पंचावन्न. मग तो मर्यादेत आहे का?"

वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. या खोलीत आपल्या बाजूने बोलणारा एवढा एकच माणूस आहे, असे त्यांना तोवर वाटत असावे.

"नाही," मी म्हणालो.

सेक्रेटरींनी खुर्चीला पाठ टेकली. वहिनींनी नजर खाली वळवली. मी पुढे म्हणालो की कांडप बंद केल्याने गल्लीला दोन डेसिबल मिळतील आणि ते कोणाच्या कानाला कळणार नाहीत. यंत्रांचा पाया बदलून, दर्शनी बाजू बंद करून हाच आवाज दहाने खाली आणता येईल. त्यासाठी मुदत द्यावी. अधिकाऱ्यांनी तीन आठवडे दिले. तोवर एकच यंत्र चालवायचे, मग पाहणी.

परतताना वहिनी पुढे चालत होत्या. मी मागे राहिलो. 

घरी पत्नीने सगळे ऐकून घेतले.

"तिथं एवढं एक 'हाय' म्हणाला असता तर काय बिघडलं असतं?"

"एक खोटे आधीच लिहून झाले होते."

ती आत गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता पाया बदलायचा म्हंजे काय करायचं ते तरी तिला नीट सांगून या. कागदावर नगं. तोंडानं."

मी गेलो. वहिनी पहिले दोन दिवस माझ्याशी न बोलता मिस्त्रीशी बोलत होत्या. मी मिस्त्रीला सांगत होतो आणि त्या ऐकत होत्या. यंत्रांखालचा काँक्रीटचा ओटा फोडला, वाळूचा थर दिला, त्यावर जुन्या ट्रकच्या टायरांचे जाड पट्टे घातले. रस्त्याकडचे शटर कायमचे खाली ओढून त्याच्या आतून विटांची भिंत घेतली. दार मागच्या परड्यात काढले. बायकांना आता बोळातून मागे जावे लागणार होते. तिसऱ्या दिवशी वहिनींनी मला सरळ विचारले, "टायर दोन घालायचं का चार?" मी चार म्हणालो. या सगळ्यात हंगामाचे तीन आठवडे एका यंत्रावर गेले. काही बायका पलीकडच्या पेठेत गेल्या त्या गेल्याच. त्या मला परत आणता आल्या नाहीत.

पाहणीला एक तरुण इंजिनियर बाई आल्या. सेक्रेटरी आले, मी होतो, आणि नंबर लावून बसलेल्या बायका होत्या. इंजिनियर बाईंनी मापक आमच्या सज्जात ठेवला, खाली वाकून पाहिले आणि हाताने खूण केली, दोन्ही चालू करा.

वहिनी रस्त्यावर उभ्या होत्या. त्या हलल्या नाहीत.

"न्हाय बाई," त्या खालून म्हणाल्या. "आदी दोन्ही बंद ठिवून बघा. पैलं उखळ झाडायचं."

इंजिनियर बाईंनी माझ्याकडे पाहिले.

"शून्याचे वाचन," मी म्हणालो. "त्या म्हणतात ते बरोबर आहे."

कांडप बंद असताना सत्तर पूर्णांक एक. मग वहिनी बोळातून आत गेल्या. सुरू झाले ते मला पायाखालून कळेल असे वाटले होते, कळले नाही. इंजिनियर बाईंनीच सांगितले की चालू झाले आहे. दोन्ही यंत्रांसह सत्तर पूर्णांक चार.

"म्हणजे फरक नाही," त्या लिहू लागल्या.

"फरक आहे," मी म्हणालो. "या आकड्यांवरून कांडपाचा आवाज साठाच्या आत येतो. पंचावन्नच्या आत आहे की नाही, हे एवढ्या गोंगाटात सांगता येणार नाही. तेही लिहावे."

सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. "सर, आता तरी सोडा की तिला," ते म्हणाले. त्यांच्याकडून हे ऐकण्याची माझी तयारी नव्हती.

"सर, मला जे मोजता येतं तेवढंच मी लिहिते," इंजिनियर बाई म्हणाल्या, आणि त्यांनी लिहिले: यंत्रांमुळे गल्लीतील आवाजात लक्षणीय वाढ होत नाही. त्यांनी सही केली. दोन्ही यंत्रे चालवण्याची मोकळीक त्या कागदाने मिळाली.

पुढच्या आठवड्यात मी गल्लीतल्या रहदारीविषयी दुसरा अर्ज केला. आकडा सत्तर, कांडप बंद असतानाचा. या वेळी 'पट' हा शब्द कुठेही वापरला नाही. सात सह्या मिळाल्या. पहिली माझी. दुसरी वहिनींची, तिच्या शेजारी कागदावर लाल बोट उमटले आहे. त्या अर्जाचे उत्तर अद्याप आलेले नाही.

मेच्या अखेरीस पत्नीचा गुडघा दुखू लागला, म्हणून आमची मिरची घेऊन मी गेलो. कांडपावर पुरुष बसल्याचे मला आठवत नाही. परड्यात पत्र्याच्या सावलीत पाच बायका होत्या. त्यांनी सरकून जागा दिली. माझा नंबर चौथा होता. दोन्ही यंत्रे चालू होती आणि जवळून त्यांचा आवाज चांगलाच मोठा होता. मी फोन खिशातून काढला नाही.

माझी पाळी आली. वहिनींनी उखळ झाडले. मूठभर मीठ टाकून कुटले, काढले, पुन्हा झाडले. मग बाजूला झाल्या.

"बघून घ्या, सर."

मी चष्मा सारखा केला आणि वाकून पाहिले. सावकाश पाहिले. मागच्या बायका थांबल्या होत्या. उखळ स्वच्छ होते.

"घाला," मी म्हणालो.